रेसिडेंट क्रमांक १४ माझी आई आहे

प्रति,
नर्सिंग होम तपासणी विभाग,
राज्य आरोग्य खाते

स. न. वि. वि.

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या तक्रार कक्षाकडे आठ दिवसांपूर्वीच पोचली आहे. तरीही तेच सगळं मराठीत लिहून चारचौघांसमोर ठेवते आहे. ज्या बाईविषयी हे आहे तिला आता फक्त मराठी येतं, हे एक कारण. दुसरं म्हणजे, अमेरिकेत आईवडिलांना नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलेली बरीच मराठी घरं आहेत आणि त्यातली बहुतेक गप्प आहेत. ‘आई होममध्ये असते’ हे आपण हळू आवाजात सांगतो आणि कुणी पुढे काही विचारायच्या आत विषय बदलतो. मीही दोन वर्षं तेच केलं.

माझी आई ८४ वर्षांची आहे. माझ्या मुलांना सांभाळायला ती या देशात आली आणि इथलीच झाली. मुलांच्या शाळेची पत्रकं आणि बसची वेळापत्रकं वाचत वाचत तिने इंग्रजी शिकून घेतलं. नागरिकत्वाच्या मुलाखतीला एकटी आत गेली आणि हसत बाहेर आली. डिमेन्शिया सुरू झाल्यावर ही शेवटी आलेली भाषा सगळ्यात आधी गेली. मराठी मात्र राहिली आहे. नातवांची नावं तिला आठवत नाहीत, पण ‘पाणी दे’, ‘गार वाजतंय’, ‘दुखतंय’ हे ती आजही स्वच्छ सांगते.

जानेवारीत एका दुपारी मला होममधून फोन आला. आई सकाळपासून ओरडते आहे, बाकीच्यांना त्रास होतो आहे, तिला शांत ठेवणारं औषध सुरू करायला तुमची संमती हवी. मी म्हटलं, मी येते, तोवर काही देऊ नका. पाऊण तासाने पोचले तर आई पाठीवर पडलेली होती आणि एका हाताने पलंगाचा कठडा घट्ट धरून होती. मला बघितल्यावर म्हणाली, “वळव गं मला. केव्हाची सांगतेय.” तिथल्या एका नर्सिंग असिस्टंटने, म्हणजे ज्यांना आम्ही सगळे ‘एड’ म्हणतो त्यांच्यापैकी एकीने, आणि मी मिळून तिला डाव्या कुशीवर केलं. तेव्हा एकाच जागी पडून राहिल्याने माकडहाडावर झालेली जखम पहिल्यांदा दिसली. क्वार्टरच्या नाण्याएवढी, लाल, वरची कातडी गेलेली. पाच मिनिटांत आई झोपली. औषध लागलं नाही. त्या दिवशीच्या नोंदीत लिहिलं आहे, ‘रहिवासी मोठ्याने ओरडते, कारण समजत नाही.’

मार्चमध्ये तुमचं पथक तपासणीला आलं. त्याबद्दल मला आधी मनापासून आभार मानायचे आहेत. तुमचे तपासनीस आईच्या मजल्यावर चार तास बसून होते आणि त्यांनी जे बघितलं ते लिहिलं. अहवाल रहिवाशांना आणि नातेवाइकांना वाचता येईल असा ठेवणं होमवर बंधनकारक आहे. तो लॉबीत फाइलला लावलेला होता आणि मी उभ्याउभ्याच वाचला. त्यात नावं नसतात, नंबर असतात. रेसिडेंट क्रमांक १४ : वय ८४, डिमेन्शिया, इंग्रजी बोलत नाही, माकडहाडावर दुसऱ्या टप्प्याची जखम. केअर प्लॅननुसार, म्हणजे तिच्या काळजीच्या लेखी आराखड्यानुसार, दर दोन तासांनी कूस बदलायची, पण चार तासांच्या निरीक्षणात एकदाही बदलली नाही. ते वाचताना हातातली पर्स कधी खाली पडली ते मला कळलं नाही.

त्याच अहवालात, आगीच्या तपासणीच्या भागात, आणखी तीन नोंदी होत्या. पूर्वेकडच्या कॉरिडॉरचं धूर अडवणारं दार पाचर लावून उघडं ठेवलेलं. साठवणीच्या खोलीत डायपरची खोकी थेट छतापर्यंत रचलेली, जिथे स्प्रिंकलरच्या, म्हणजे आग लागली की छतातून पाणी फवारणाऱ्या नळांच्या, खाली १८ इंच जागा मोकळी असायला हवी. आणि एका तिमाहीत रात्रपाळीची फायर ड्रिल झाल्याची नोंदच नाही.

होमने ठरल्याप्रमाणे दहा दिवसांत दुरुस्तीचा आराखडा, म्हणजे प्लॅन ऑफ करेक्शन, पाठवला. एप्रिलच्या शेवटी तुम्ही कळवलं की पाठवलेल्या पुराव्यांवरून सर्व त्रुटी दूर झाल्याचं मान्य करण्यात येत आहे, प्रत्यक्ष फेरतपासणीची आवश्यकता नाही.

तुमचा हा निर्णय मला मान्य नाही. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी मी आईला व्हीलचेअरवरून त्या कॉरिडॉरमध्ये नेलं. दार उघडं होतं, खाली तीच पाचर. कुठल्याशा मोडक्या फळीची कापलेली, एका बाजूला पांढरा सनमायका, आणि पुढची धार व्हीलचेअरची चाकं लागून लागून झिजलेली. मी फोटो काढला, तो इंग्रजी तक्रारीला जोडला आहे. त्यानंतर चार वेळा गेले, चारही वेळा ती तिथेच होती.

दाराचा मुद्दा जरा सविस्तर लिहिते. तुम्हाला तो माहीतच आहे, पण वाचणाऱ्या बहुतेकांना नसेल. मलाही नव्हता. माझी समजूत अशी होती की आग लागली तर सगळ्यांना बाहेर काढतात. नर्सिंग होममध्ये तसं करता येत नाही. रात्री दोन वाजता तिघी-चौघी कर्मचारी पन्नास जणांना पलंगावरून उचलून जिन्याने खाली नेऊ शकत नाहीत. म्हणून इमारतीचे धूर अडवणारे कप्पे केलेले असतात. आग ज्या कप्प्यात आहे तिथल्या माणसांना पलंगासकट ढकलत शेजारच्या कप्प्यात न्यायचं आणि मधलं दार बंद ठेवायचं, अशी रचना असते. माणसं ज्वाळांच्या कितीतरी आधी धुराने गुदमरतात आणि तो धूर ते दार अडवतं. माझ्या आईला उठता येत नाही, चालता येत नाही, ‘आग’ ओरडलेलं इंग्रजी कळत नाही. तिच्यापुरती आगीपासूनची सगळी सुरक्षा म्हणजे ते एक दार. त्याच्याखाली पाचर आहे.

मी तिथल्या एडला दोष देत नाही, हे ठळकपणे लिहिते. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “दोघी आहोत आम्ही या बाजूला. दार बंद केलं तर पलीकडची बेल ऐकू येत नाही आणि जेवणाची ट्रॉली ढकलताना एक हात दारालाच जातो.” तिचं म्हणणं मला पटलं. यावर उपायही जुना आणि साधा आहे. दाराला चुंबकाचं होल्डर बसवायचं, जे एरवी दार उघडं धरून ठेवतं आणि अलार्म वाजला की आपोआप सोडतं. नियमात त्याला परवानगी आहे. आराखड्यात होमने काय लिहिलं? ‘कर्मचाऱ्यांना पाचर न वापरण्याविषयी पुन्हा प्रशिक्षण देण्यात आले.’ सोबत सह्यांचा कागद. एवढ्यावर तुम्ही त्रुटी दूर झाली असं मानलंत.

सह्यांच्या त्या कागदावर रात्रपाळीच्या एजन्सीकडून आलेल्या मुलींची नावं नाहीत. त्यांच्यातल्या एकीला मी विचारलं, इथे आग लागली तर माझ्या आईला तू कुठे नेशील? तिने जिन्याच्या दाराकडे बोट केलं. शेजारच्या कप्प्यात न्यायचं हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. प्रत्येक पाळीची प्रत्येक तिमाहीत ड्रिल झाली पाहिजे, हा नियम अशाच मुलींसाठी आहे. रात्री रहिवासी झोपलेले असतात ही सबब चालत नाही, कारण रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळात मोठा अलार्म न वाजवता सांकेतिक घोषणेवरही ड्रिल घेता येते.

२००३ साली फेब्रुवारीत हार्टफर्डला आणि सप्टेंबरमध्ये नॅशव्हिलला नर्सिंग होमना आगी लागल्या. दोन्ही मिळून ३१ रहिवासी गेले. दोन्ही इमारतींना स्प्रिंकलर नव्हते, आणि त्या काळच्या नियमांनुसार जुन्या इमारतींना ते नसले तरी चालत होतं. देशातल्या सगळ्या नर्सिंग होमना पूर्ण स्प्रिंकलर सक्तीचे करणारा केंद्राचा नियम २००८ मध्ये आला आणि त्याची मुदत १३ ऑगस्ट २०१३ ला संपली. म्हणजे त्या आगींनंतर दहा वर्षं. ज्यांच्या मृत्यूंमुळे हे स्प्रिंकलर बसले, त्यांच्यानंतर आज आपण त्याच स्प्रिंकलरला टेकवून डायपरची खोकी रचतो आहोत. खोक्यांनी अडलेलं पाणी आगीपर्यंत पोचत नाही.

आता आईच्या नोंदीला दिलेल्या अक्षराविषयी. तुमच्या श्रेण्या ए पासून एल पर्यंत जातात. डी, ई, एफ म्हणजे प्रत्यक्ष इजा झाली नाही, पण होण्याची शक्यता होती. जी पासून पुढे प्रत्यक्ष इजा, आणि जे, के, एल म्हणजे जिवाला तातडीचा धोका. आईच्या नोंदीला ‘डी’ मिळाला. अहवालाच्या एका परिच्छेदात तिच्या जखमेचं माप आहे आणि दुसऱ्या परिच्छेदात इजा झाली नाही असं म्हटलं आहे. कातडी गेलेली जागा ही इजा नसेल तर इजा कशाला म्हणायचं, ते मला लेखी कळवावं.

हा शब्दांचा काथ्याकूट नाही. त्या एका अक्षरावर पुढचं सगळं ठरतं. नोंद डी असल्यामुळेच प्रत्यक्ष न जाता कागदपत्रांवर ती निकालात काढण्याची तुम्हाला मुभा मिळाली. होमला एखादी नोंद पटली नाही तर त्यावर आक्षेप घेण्याची रीतसर सोय आहे. ज्याच्या अंगावर जखम आहे त्याच्या घरच्यांना, ही श्रेणी फार कमी लावली गेली आहे, असं म्हणायला तशी कुठलीही खिडकी नाही.

आणि ज्याबद्दल मी सगळ्यात कमी शांत राहू शकते ती गोष्ट म्हणजे तुमच्याच कागदातली एक ओळ. आईच्या पानावर लिहिलं आहे, ‘मुलाखत घेण्याजोगी नाही.’ तुमच्या पथकाने मजल्यावरच्या इतर रहिवाशांशी बोलून घेतलं. बेलला उत्तर मिळतं का, दुखलं तर औषध देतात का, विचारलं. आईला कुणी काही विचारलं नाही. मलाही फोन केला नाही. ती त्या खोलीत दिवसभर बोलत असते! फोनवरून मराठी दुभाषी मिळतो, मागितल्यावर थोड्या वेळात मिळतो. केंद्राचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने इंग्रजी न येणाऱ्या माणसाला फुकट दुभाषी द्यायचा असतो, १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापासून ही जबाबदारी चालत आलेली आहे. होमलाही ती लागू आहे आणि तुमच्या खात्यालाही. जानेवारीत दुभाष्याचा एक फोन लावला असता तर आईच्या ओरडण्याचं कारण नोंदीत आलं असतं. मार्चमध्ये लावला असता तर ते तुमच्या अहवालात आलं असतं.

माणसं कमी आहेत हे मला दिसतं. मे २०२४ मध्ये केंद्राने नियम केला होता, दर रहिवाशामागे रोज किमान ३.४८ तासांची शुश्रूषा आणि चोवीस तास एक नोंदणीकृत परिचारिका. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासच्या एका संघीय न्यायालयाने तो मोडीत काढला आणि त्याच वर्षी जुलैत संसदेने कायदा करून त्याची अंमलबजावणी २०३४ पर्यंत रोखली. तो तुमच्या हातातला विषय नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. पण पाचर काढून चुंबक बसवायला, खोकी खाली उतरवायला आणि रात्रपाळीला ड्रिल घ्यायला नवा नियम लागत नाही. जे आहेत ते पुरेत.

मराठी वाचकांना इथे दोन शब्द सांगते. आईवडिलांसाठी जागा शोधताना मी मेडिकेअरच्या, म्हणजे केंद्राच्या आरोग्यविमा योजनेच्या, संकेतस्थळावर होमना दिलेले दर्जाचे तारे बघितले होते. या होमला चार तारे होते आणि मी निर्धास्त झाले होते. आगीच्या तपासणीतल्या त्रुटी त्या ताऱ्यांच्या हिशेबात धरलेल्याच नसतात, हे मला आत्ता कळलं. त्या त्याच संकेतस्थळावर वेगळ्या असतात, उघडून वाचाव्या लागतात. होमच्या लॉबीतली फाइल मागा. दुसरं, प्रत्येक राज्यात दीर्घकालीन काळजी घेणाऱ्या संस्थांसाठी लोकपाल असतो, ओम्बुड्समन म्हणतात त्याला. तो होमचा नोकर नसतो आणि त्याच्याकडे जायला पैसे लागत नाहीत. तक्रार केली तर आईवर राग काढतील, ही भीती मलाही होती, अजूनही आहे. म्हणूनच मी लोकपालांना आधी भेटले. भेटीनंतर मला एकटं वाटलं नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

तीस दिवसांच्या आत तुमच्या माणसांनी होममध्ये प्रत्यक्ष जावं आणि दार, साठवणीची खोली आणि रात्रपाळीची तयारी डोळ्यांनी बघावी. कधी जाणार ते अर्थातच कुणाला सांगू नये. मात्र वेळ रात्रीची किंवा शनिवार-रविवारची असावी. नियमित तपासण्यांपैकी किमान दहा टक्के अशा अवेळी सुरू करायच्या असतात, त्यातली एक या होमच्या वाट्याला येऊ द्या. रात्रपाळीच्या मुलींना मी विचारला तोच प्रश्न विचारा.

क्रमांक १४ च्या नोंदीची श्रेणी पुन्हा तपासावी. जी उत्तरं द्याल ती लेखी द्यावीत.

आईची मुलाखत मराठी दुभाष्याच्या मदतीने घ्यावी. मी खोलीत बसेन, पण दुभाष्याचं काम मला सांगू नये. मुलीने आईच्या तोंडून वदवलं असं नंतर कुणी म्हणायला नको. आणि यापुढे कुठल्याही रहिवाशाच्या पानावर ‘मुलाखत घेण्याजोगा नाही’ लिहिण्याआधी त्याची भाषा कोणती आणि त्या भाषेत प्रयत्न केला का, हे लिहिणं तुमच्या तपासनिसांना सक्तीचं करावं.

दुरुस्तीचा पुरावा म्हणून होम जे पाठवतं, ते फोटो, ते सह्यांचे कागद, अहवालाइतकेच उघडे ठेवावेत. त्या कागदावर कुणाची नावं नाहीत हे मला सहा आठवड्यांच्या पाठपुराव्यानंतर बघायला मिळालं. रोज तिथे जाणाऱ्या नातेवाइकांनी ते पहिल्याच आठवड्यात ओळखलं असतं.

होमच्या मालकांकडे आणि व्यवस्थापकांकडे माझं मागणं छोटं आहे. प्रत्येक धूर-दाराला अलार्मला जोडलेलं चुंबकी होल्डर बसवा. आईच्या पलंगाशी मी मराठी शब्द आणि त्यांचे अर्थ मोठ्या अक्षरांत लिहून लावले होते, ‘वळव’, ‘पाणी’, ‘दुखतंय’, ‘गार’. तो कागद सफाईत दोनदा काढून टाकला गेला. तो केअर प्लॅनमध्ये घाला, म्हणजे निघणार नाही. आणि नातेवाइकांच्या मंडळाला, फॅमिली कौन्सिलला, महिन्यातून एकदा बसायला खोली द्या. तो आमचा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि आम्ही नऊ कुटुंबं तयार आहोत.

मी मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी संध्याकाळी तिथे असते. आईला भरवते, कूस बदलून देते, आणि निघताना दाराखालची पाचर काढून ठेवते. रात्री नऊच्या सुमाराला घरी येते. त्यानंतर सकाळपर्यंत ते दार उघडं असतं की बंद, हे मला माहीत नाही. ते तुम्ही जाऊन बघावं.

आपली,
रेसिडेंट क्रमांक १४ ची मुलगी